रानवाटेवरचा कुत्रा आणि रॅटलस्नेक : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे ॲरिझोनात राहतो आणि वसंतात व शरदात तंबू पाठीला लावून दोन-तीन दिवस डोंगरात भटकतो. आमची लॅब्रॅडोर कुत्री बरोबर असते. ती हाकेला लगेच परत येते, म्हणून आम्ही तिला मोकळी सोडतो. गेल्या खेपेस वाटेच्या कडेलाच वेटोळे घालून बसलेला रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप, दिसला आणि तो वाजलाही नाही. तिला घरी ठेवणे हाच उपाय आहे का?

उत्तर : घरी ठेवण्याची गरज नाही, मोकळी सोडणे मात्र बंद करावे. आपल्या राज्यात रॅटलस्नेकच्या 13 जाती आढळतात, इतक्या अमेरिकेच्या अन्य कोणत्याही राज्यात नाहीत, आणि त्या सगळ्यांचा स्वसंरक्षणाचा पहिला डाव एकच असतो : हालचाल न करता दगडामातीत मिसळून जायचे. शेपटीचा खुळखुळा हा नंतरचा उपाय आहे. पुष्कळदा तो वाजतच नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला तर शेपटीच्या टोकाला एकच बोंड असते, त्यामुळे त्याला आवाज काढताच येत नाही. आपण केवळ कानांवर भिस्त ठेवून चालत असाल, तर तो भरवसा सोडून द्यावा.

आपल्या कुत्रीच्या आज्ञाधारकपणाबद्दल मला शंका नाही. अडचण अशी आहे की हाक मारण्यासाठी साप आधी आपल्याला दिसावा लागतो, आणि कुत्री वीस पावले पुढे असताना तिच्या नाकासमोर काय आहे हे आपल्याला दिसत नसते. माणूस नवी वस्तू डोळ्यांनी पाहतो, कुत्रा ती नाकाने पाहतो. म्हणून कुत्र्यांना दंश बहुतेक वेळा तोंडावर आणि त्याखालोखाल पुढच्या पायांवर होतो. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाप्रमाणेच रॅटलस्नेकच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता जाणणारी खाच असते, त्यामुळे अंधारातही जवळ आलेले उबदार नाक त्याला नेमके कळते.

त्याची झेप सहसा अंगाच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्मी असते. म्हणजे सव्वा मीटरचा साप साधारण साठ सेंटिमीटरपर्यंत पोचतो, आणि हे अंतर पाळणे आखूड दोरीला शक्य आहे. राष्ट्रीय उद्यानांमध्ये सहा फुटांपेक्षा लांब दोरी चालत नाही. पुष्कळ उद्यानांत तर आतल्या पायवाटांवर कुत्र्यांना मुळीच परवानगी नसते, तेव्हा बेत आखण्यापूर्वी त्या त्या उद्यानाचे नियम पाहावेत. जिथे असा नियम नाही तिथेही तेवढीच दोरी वापरावी आणि अरुंद वाटेवर ती आणखी आखडून कुत्रीला आपल्या मागे चालवावे. बटण दाबताच लांबत जाणारी दोरी या कामी निरुपयोगी आहे.

वेळेबद्दल एक गैरसमज आहे. पहाटे लवकर निघाले की साप टळतात असे सरसकट म्हटले जाते, ते खरे नाही. वसंतात आणि शरदात हे साप दिवसा बाहेर असतात आणि सकाळी तापलेल्या दगडावर किंवा वाटेवरच ऊन खात पडलेले सापडतात. कडक उन्हाळ्यात ते दुपार टाळून संध्याकाळी आणि रात्री फिरतात. जूनमध्ये पहाटे निघणे कुत्र्याच्या पायांसाठी आणि उष्माघात टाळण्यासाठी योग्यच आहे, पण त्या वेळी विजेरीचा झोत वाटेवर असावा.

वाळवंटी भागात एका जागेकडे विशेष लक्ष द्यावे. फड्या निवडुंगाच्या किंवा मेस्कीट या काटेरी झाडाच्या बुडाशी काटक्या, शेणाचे गोळे आणि निवडुंगाचे काटेरी तुकडे यांचा गुडघाभर ढीग दिसतो, ते पॅकरॅट नावाच्या उंदराचे घर असते. त्याला दोन-चार तोंडे असतात, आत सावली असते आणि उंदराचा वास असतो, म्हणून रॅटलस्नेक तिथे आश्रयाला येतो. नेमक्या त्याच तोंडात डोके खुपसण्याचा मोह कुत्र्याला आवरत नाही. असा ढीग दिसला की दोरी आवळून वळसा घ्यावा. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून कुत्र्याला उडी मारू देऊ नये. आधी आपण ओंडक्यावर चढून पलीकडे पाहावे. मुक्कामाच्या जागी सांडलेले कुत्र्याचे खाणे लगेच उचलावे, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. रात्री कुत्रीला तंबूत घेऊन तंबूची चेन पूर्ण लावावी.

प्रश्न : सापापासून दूर राहण्याचे प्रशिक्षण विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याने देतात असे ऐकले. ते करून घ्यावे का?

उत्तर : या प्रशिक्षणात जिवंत साप पिंजऱ्यात किंवा तोंड बांधून ठेवतात आणि कुत्रा त्याच्याकडे कुतूहलाने वळला की त्याच क्षणी झटका देतात, जेणेकरून सापाचा वास, रूप आणि आवाज यांची सांगड वेदनेशी बसावी. पुष्कळ कुत्री यानंतर साप पाहून मागे सरतात, हे खरे आहे. परंतु कुत्र्याला सापाची चाहूल लागली तरच हे कामी येते. वारा उलट दिशेने वाहत असेल किंवा गवतातून धावताना पाय थेट सापावरच पडला, तर प्रशिक्षणाला काही वावच राहत नाही. शिवाय धडा विसरला जातो, म्हणून प्रशिक्षक दरवर्षी उजळणी सुचवतात. भित्र्या कुत्र्याच्या मनात ती भीती भलत्याच गोष्टीशी, कधी प्रशिक्षणाच्या जागेशी, कधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी जोडली जाते.

शिकारीसाठी दोरीविना काम करणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत झटक्याच्या बाजूने युक्तिवाद करता येईल. दोरीवर चालणाऱ्या सोबतीच्या कुत्र्याला त्याची गरज मला वाटत नाही. सापाचा वास आला की मालकाकडे वळायचे आणि बक्षीस मिळवायचे, अशा पद्धतीने शिकवणारे प्रशिक्षकही आहेत, त्यांचा विचार आधी करावा. कोणाकडेही गेलात तरी सापांचे विषदंत तोडलेले नाहीत ना, एवढे अवश्य विचारावे. जो सापाशी असे वागतो त्याच्या हाती मी माझा कुत्रा देणार नाही.

प्रश्न : रॅटलस्नेकची लस टोचून घेतली म्हणजे निश्चिंत राहता येईल का?

उत्तर : नाही. ही लस पश्चिमी डायमंडबॅक या एका जातीच्या विषावरून तयार केलेली आहे. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे वेळोवेळी वर्धक मात्रा, अशी तिची पद्धत आहे. विषाची घडण जातीजातीनुसार बदलते. मोहावी रॅटलस्नेकच्या विषात अनेक ठिकाणी मज्जासंस्थेवर घाला घालणारा घटक असतो आणि त्यावर या लसीचा भरवसा धरता येत नाही. उंदरांवरील प्रयोगात डायमंडबॅकच्या विषाविरुद्ध काही लाभ दिसला, पण दक्षिण पॅसिफिक रॅटलस्नेकच्या विषाविरुद्ध तो म्हणण्याजोगा नव्हता. लस घेतलेल्या कुत्र्याला चावा झाला तरी इतर कुत्र्यांइतक्याच तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. ती सध्या उपलब्ध आहे का आणि आपल्या भागात उपयोगी आहे का, हे आपल्या पशुवैद्यांना विचारावे.

प्रश्न : गाडीपासून आठ-दहा किलोमीटर आत असताना चावा झाला तर काय करायचे? आम्ही विष ओढून घेणारा पंप, रुंद पट्टी आणि ॲलर्जीच्या गोळ्या बरोबर ठेवतो.

उत्तर : या तिन्हींपैकी एकही वस्तू या प्रसंगी कामाची नाही. पंपाने थोडे रक्त आणि पातळ स्राव बाहेर येतो, विष जवळजवळ नाहीच. त्वचेला इजा मात्र होऊ शकते. ॲलर्जीच्या गोळीने विष निष्प्रभ होत नाही. पट्टीबद्दल अधिक सावध राहावे, कारण साप चावला की वर घट्ट आवळून बांधायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकलेले असते. रॅटलस्नेकचे विष जिथे साचते तिथले मांस कुजवते, म्हणून ते एका जागी कोंडून धरल्याने पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. चिरा देणे, तोंडाने चोखणे आणि बर्फ लावणेही टाळावे. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. ॲस्पिरिनने रक्त गोठण्यात आणखी बिघाड होतो आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना मुळातच विषारी आहे.

सापापासून काही पावले दूर जाऊन आधी गळपट्टा आणि अंगावरचे पट्टे काढावेत. तोंडावर दंश झाला असेल तर सूज मानेकडे उतरते आणि गळपट्टाच फास होतो. त्यानंतर कुत्र्याला उचलून शक्य तितक्या लवकर गाडीकडे निघावे. लहान कुत्रा पिशवीत मावतो. तीस किलोच्या कुत्र्यासाठी मात्र घडी करून ठेवता येणारी नायलॉनची उचलझोळी मिळते, ती बरोबर असावी आणि घरी एकदा त्यात कुत्र्याला घेऊन शंभर पावले चालून पाहावे, म्हणजे आपल्याला किती अंतर झेपते याचा अंदाज येईल. उचलणे अशक्यच असेल तर त्याला सावकाश चालवत न्यावे. चालल्याने विष पसरेल या भीतीने रानात तासन्‌तास बसून राहणे अधिक वाईट. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र उपयोगी आहे, पण बचावपथक कुत्र्यासाठी येईलच असे गृहीत धरू नये.

खरा उपचार प्रतिविष हाच आहे, आणि ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत, मिळेल तितके चांगले. उशीर झाला तरी ते द्यावे लागू शकते, म्हणून आता काय उपयोग असे म्हणून घरी परतू नये. प्रतिविष प्रत्येक दवाखान्यात नसते. निघण्यापूर्वीच वाटेच्या दोन्ही टोकांकडील चोवीस तास चालणारी पशुरुग्णालये शोधून, ते साठ्यात आहे का हे दूरध्वनीवर विचारून क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत, आणि फोनला संपर्क मिळताच तिथे पूर्वसूचना द्यावी. एका कुपीचा खर्च शेकडो डॉलर असतो, कधी हजाराच्या पुढे जातो, आणि एकाहून अधिक कुप्या लागू शकतात. विमा असल्यास त्यात सर्पदंश येतो का, हे आधी वाचून ठेवावे.

चावा झाल्याचे ओळखणे नेहमी सोपे नसते. कुत्रा एकदम केकाटतो, मागे उडी मारतो आणि पंजाने तोंड घासू लागतो. दाताच्या खुणा केसांत लपतात. सूज बहुधा अर्ध्या तासात दिसू लागते. काही चाव्यांत विष सोडलेलेच नसते, परंतु मोहावीच्या चाव्यात फारशी सूज न येता नंतर अशक्तपणा आणि श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून सूज नाही यावरून चावा कोरडा होता असा निष्कर्ष रानात काढू नये.

प्रश्न : डॉक्टरांना ओळखता यावा म्हणून साप मारून न्यावा का? पिल्ले जास्त विषारी असतात हे खरे का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. प्रतिविष अनेक जातींवर चालते, म्हणून सापाची गरज नसते. दुरून सहज छायाचित्र घेता आले तर पुरे. तोडलेले मुंडकेही बऱ्याच वेळापर्यंत चावू शकते. पिल्लाजवळ विष कमी असते, त्यामुळे मोठ्या सापाचा चावा सहसा अधिक गंभीर ठरतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला दोन दिवस रुग्णालयात ठेवून आता घरी सोडले आहे. पुढे काय पाहावे?

उत्तर : प्रतिविषाने सुधारलेले रक्त गोठण्याचे प्रमाण काही दिवसांनी पुन्हा बिघडू शकते, म्हणून सांगितलेल्या तारखेस रक्ततपासणी चुकवू नये. हिरड्यांतून रक्त, काळी विष्ठा, अंगावर नवे निळे डाग यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी न्यावे. दंशाच्या जागची त्वचा काळी पडून सुटू शकते; ती ओढून काढू नये. साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर गांधी उठल्यास ती प्रतिविषातील परक्या प्रथिनांवरची प्रतिक्रिया असू शकते. एकदा चावा झाल्याने प्रतिकारशक्ती येते, असे समजू नये. कोणते प्रतिविष आणि किती कुप्या दिल्या, हे रुग्णालयाकडून लेखी घेऊन कुत्र्याच्या कागदपत्रांत ठेवावे. पुन्हा कधी प्रतिविष द्यावे लागले, तर ॲलर्जीची शक्यता ध्यानात घेण्यासाठी डॉक्टर ते पहिल्यांदा विचारतील.