मशीनवर ठेवलेली ती काळी पाटी कशासाठी?

तुम्ही विचारलंय, की आईच्या रेडिएशनसाठी सकाळी लवकर गेलात तर पहिल्या पेशंटआधी टेबलावर एक सपाट पाटी ठेवून मशीन चालवत होते, ते काय? मी सांगलीत हेच काम करतो, म्हणून सांगतो.

त्या पाटीत किरण मोजणारे शेकडो बारीक डिटेक्टर ओळीनं बसवलेले असतात. एका झटक्यात कळतं: डोस नेहमीइतकाच येतोय का (रोजच्या तपासणीत 3 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो), बीम (किरणांचा झोत) सगळीकडे सारखा आहे का, एका बाजूला झुकलाय का. पाण्याच्या टाकीत डिटेक्टर सरकवत हेच मोजायला तासन् तास जातात.

खरी गंमत हवेच्या दाबाची. बऱ्याच पाट्यांचे डिटेक्टर म्हणजे हवा भरलेले बारीक चेंबर (डब्या), आणि ते बाहेरच्या हवेला उघडे असतात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, म्हणजे हवा सहाएक टक्के विरळ, आणि रीडिंगही तेवढंच कमी. म्हणून खोलीतला दाब टाकून रीडिंग दुरुस्त करावं लागतं. एका शिकाऊ पोरानं दाब मोबाईलवरच्या हवामानातून घेतला, 1010 हेक्टोपास्कल. तो समुद्रसपाटीच्या हिशोबानं काढलेला आकडा! खोलीतला बॅरोमीटर 950 च्या आसपास. त्याला वाटलं मशीन कमी डोस देतंय. त्याच्या भरवशावर मशीनचं आउटपुट (ते सोडत असलेला डोस) वाढवलं असतं तर पेशंटला सहा टक्के जास्त गेला असता. म्हणून आधी बॅरोमीटर बघायचा, मग मशीनवर संशय घ्यायचा.

एका डिटेक्टरच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत सात-दहा मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे पाटी सगळंच पकडत नाही. बाकीच्या तपासण्या महिन्याला आणि वर्षाला वेगळ्या होतात.

सकाळी उशीर झाला तर चिडू नका, एवढंच.