ठेका का अडखळतो?

प्रश्न : डीजे म्हणून वाजवताना गायिका शॅननचं १९८३ चं ‘लेट द म्युझिक प्ले’ हाऊस या नृत्यसंगीताच्या गाण्याला जोडलं की ठेका अडखळतो. वेग तर जुळलेला असतो! – एक वाचक, दादर

उत्तर : वेग जुळतो, किक (मोठ्या ड्रमचा जाड ठोका) जुळत नाही. हाऊसमध्ये ती चारही मात्रांवर सरळ पडते. शॅननचं गाणं ज्या प्रकारातलं, त्या लॅटिन फ्रीस्टाइलमध्ये ती तुटक, अधेमधे येते, आणि हीच या संगीताची खरी गंमत. दोन्ही किक एकदम वाजल्या की खालच्या पट्टीतला आवाज (बास) गढूळ होतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा बास पूर्ण बंद ठेवा. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) कानाने धरून ३२ मात्रा जाऊ द्या, मग पहिल्या मात्रेवर झटक्यात बासची अदलाबदल करा. शक्यतो १२ इंची तबकडीवरची लांब आवृत्तीच घ्या. रेडिओच्या छोट्या आवृत्तीत जोडायला जागाच उरत नाही.