सुरीवर नाव घालायचंय? आधी कानस फिरवून बघ

भांड्यांच्या दुकानात डब्यावर नाव घालून देतात, ते यंत्र सुरीवर चालेल असं समजू नकोस. डब्याचा पत्रा मऊ असतो. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं पातं साधारण ५८ ते ६० रॉकवेल (कडकपणाचं माप) असतं. मुठीजवळ कानस फिरवून बघ, घसरली की समज, पातं कडक आहे. हातातली छिन्नी तर तिथे बोथटच होईल. हिऱ्याचा बर (घासायचं टोक) लावलेलं रोटरी टूल, म्हणजे गरगर फिरणारं हातातलं यंत्र, चालतं, पण अक्षर वळणावर हमखास निसटतं.

माझं मत विचारशील तर मीठ-पाणी आणि ९ व्होल्टची बॅटरी, म्हणजे विजेने धातू खाऊन अक्षर उमटवायचं. पातं ॲसिटोनने पुसायचं, बोटाचा ठसाही नको. नेलपॉलिशचा थर देऊन तो वाळला की त्या थरात सुईने अक्षरं कोरायची. बॅटरीचं धन टोक पात्याला, ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. (पहिल्यांदा मी नेमकं उलटं जोडलं आणि अर्धा तास नुसता बोळा दाबत बसलो!) पाच-सात सेकंद टेकव, उचल, पूस, पुन्हा टेकव. सलग दाबून धरलंस तर थर सुटतो आणि अक्षरं फुगतात.

हातमोजे घाल आणि खिडकी उघडी ठेव, कारण क्लोरीन सुटतो. स्टेनलेस असेल तर ते हिरवट-पिवळं पाणी अंगाला लागू देऊ नकोस, त्यात क्रोमियम असतं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, कोरडं कर, तेलाचं बोट फिरव. आणि आधी जुन्या मोडक्या सुरीवर, आईच्या नव्या सुरीवर नाही.