जुन्या येझदीला स्टेनलेस स्टीलचे पाईप-सायलेन्सर करायचे असतील तर ३०४ घ्यावं की ३१६? आणि पॉलिश कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७५ ची येझदी २५० आहे, घोडबंदर रोडला राहता, क्रोमचे पाईप आतून सडलेत आणि आता एकदाच काय ते स्टीलचे करून टाकायचेत. माझ्याकडेही येझदीच आहे, ऐरोलीत राहतो, म्हणजे खाडीची खारी हवा दोघांच्याही नशिबात, आणि माझे पाईप स्टीलचेच आहेत. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड. तर सरळ सांगतो, ३०४ घ्या. ३१६ च्या मागे लागू नका. त्यापेक्षा दुकानदार ३०४ म्हणून जे हातात देतोय ते खरंच ३०४ आहे का, आणि फॅब्रिकेशनवाला त्याला लोखंडाची घाण लावत नाही ना, या दोन गोष्टींवर डोळे ठेवा, सगळा खेळ तिथे आहे.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने मिठाच्या हवेत डाग कमी पडतात हे खरंय. पण पाईप तापला की ३१६ पण निळा पडतोच, आणि सायलेन्सरवर जे चहासारखे तांबूस डाग येतात ते वेळच्या वेळी धुतलं तर ३०४ वरही टिकत नाहीत. तो फरकाचा पैसा चांगल्या बफिंगवाल्याला द्या.

आता फसवणूक कुठे होते बघा. बाजारात रेलिंगचा, ग्रिलचा जो पाईप स्वस्त मिळतो तो बऱ्याचदा २०२ ग्रेडचा असतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. दिसायला सेम टू सेम. लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं समजतात, पण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, आणि उलट खऱ्या ३०४ चा पाईप वाकवला की बेंडवर थोडंसं ओढतं, त्यामुळे चुंबकाने फक्त ४०९-४३० सारखा चुंबकाला घट्ट चिकटणारा माल वेगळा काढता येतो, २०२ नाही. स्टीलवाल्यांकडे टेस्टिंगचं लिक्विड असतं, एक थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवतात, २०० सिरीज (म्हणजे २०२ वगैरे) असेल तर थेंब लालसर होतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून घ्या नाहीतर मुंबईतल्या सी.पी. टँककडून, थेंब टाकून दाखवा म्हणायला लाजू नका. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. जाडी १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर पुरते, १६ गेज टिकेल जास्त पण वाकवायला त्रास आणि वजन उगाच.

बेंडिंगला जाताना जुने पाईप सोबत न्या, कितीही सडलेले असले तरी. येझदीला सिलिंडर एक पण एक्झॉस्टची तोंडं दोन, त्यामुळे डावा-उजवा दोन्ही नेमके जुळले पाहिजेत, एक जरी अर्धा इंच खाली-वर झाला तर मागून बघताना गाडी वाकडी वाटते आणि ते मग कायम डोळ्याला खुपतं. आणि हो, पाईपाची कॉलर (तोंडाची रुंद कड) करायच्या आधी सिलिंडरवरचा नट पाईपात सरकवलाय का हे विचारा, नंतर तो जाणार नाही.

वेल्डिंग आर्गन वायूनेच (टिग) करून घ्या, ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल ची वेल्डिंगची तार, आणि लोखंडी क्लॅम्प-ब्रॅकेट जोडायचं असेल तिथे ३०९एल. पाईपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड काळं, खडबडीत होतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठेही असा कारागीर मिळेल, पण शेजारी लोखंडी गेटचं काम चालू असेल तर सावध. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा वायर ब्रश तुमच्या पाईपाला लागला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे ठिपके उठतात, मग आपण म्हणतो की स्टील खराब निघालं. नवीन फ्लॅप डिस्क (घासायची एमरीची चकती) स्वतः घेऊन जा, फार महाग नसते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. ३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं. ६०० मिलिमीटरचा पाईप ४०० अंशांनी तापला तर साधारण ४ मिलिमीटर लांब होतो, लोखंडी असता तर ३ च्या आत. म्हणून मागच्या ब्रॅकेटचं भोक गोल न ठेवता लांबट करा, नाहीतर ताण येऊन ब्रॅकेटच्या वेल्डला तडा जातो. स्टीलच्या बोल्टला स्टीलचा नट असेल तर अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) लावल्याशिवाय आवळू नका, दोन्ही एकमेकांत असे अडकतात की शेवटी कापावेच लागतात.

पॉलिशचं म्हणाल तर मी मिररच्या बाजूचा. ब्रश फिनिश हॉटेलच्या किचनसारखं दिसतं जुन्या गाडीवर, आणि बारीक रेघांमध्ये मीठ-धूळ अडकून डाग उलट जास्त पडतात. घरी करायचं असेल तर वेल्ड साफ करून १२० च्या एमरीने सुरू करा, मग १८०, २४०, ३२०, ४००, ६००, आणि दर पेपरला दिशा आडवी बदला, मागच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नका. कंटाळा येतो, येणारच, पण इथे घाई केली तर बफ मारल्यावर त्या रेघा चकाकून दिसतात. मग सिसलच्या (काथ्यासारख्या धाग्याच्या) चाकावर कटिंगचा साबण, म्हणजे पॉलिशची घट्ट वडी, आणि शेवटी मऊ कापडी बफवर हिरवा साबण. क्रोमची जी निळसर झाक असते ती येणार नाही, स्टील जरा पिवळसरच दिसतं, रिमच्या शेजारी फरक कळतो. मला चालतं, तुम्हाला खटकेल का ते आधी ठरवा.

गाडी पहिल्यांदा चालू करायच्या आधी पाईप थिनरने पुसा आणि नंतर उघड्या हाताने अजिबात धरू नका, बोटांचे तेलकट ठसे तापून तिथेच भाजले जातात. सिलिंडरजवळ सोनेरी, मग जांभळट-निळा रंग येईल, तो थांबत नाही. पण निळा खूप खाली उतरायला लागला तर दोष पाईपाचा नसतो, इग्निशनचं टायमिंग मागे आहे (ठिणगी उशिरा पडतेय) किंवा कार्ब्युरेटर लीन चाललाय (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), मेकॅनिककडे जा.

धुताना शाम्पू-पाणी बस. टॉयलेट क्लिनरच्या ॲसिडने चमकवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. लोखंडी घासणीही नको.

सायलेन्सरमधला बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) मात्र काढता येईल असाच करा, टू-स्ट्रोकचा तेलकट काजळा वर्षा-दोन वर्षांत तिथे साचतोच. पूर्वी लोक भट्टीत टाकून जाळायचे, तसं स्टीलला केलंत तर सगळं पॉलिश गेलं, त्यापेक्षा बॅफल काढून कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवा, हातमोजे-चष्मा घालून. आणि आवाजासाठी बॅफलशिवाय फिरवायचा मोह आवरा, नवी मुंबईत पामबीच रोडला पोलिस पकडतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली चलान येतं.

जुने क्रोमचे पाईप भंगारात देऊ नका. येझदीला मुळात स्टेनलेस कधीच नव्हतं, त्यामुळे उद्या व्हिंटेज रॅलीत नेलीत तर परीक्षक पहिलं तेच विचारतात. तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाका, बेंडिंगवाल्याला परत नमुना लागला तरी कामाला येतील.