वाचक विचारतात : जीबी, टीबी आणि सराफ्यातला तोळा

प्रश्न : जेल रोडवरून १ टीबीची हार्ड डिस्क आणली. विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात. दुकानदार म्हणतो, सगळ्यांचं असंच येतं. ६९ जीबी गेले कुठे? (रामबाग, इंदूर)

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय. आपल्या सराफ्यात आज 'तोळा' म्हटलं की १० ग्रॅम धरतात, पण आजीच्या पाटल्यांचं वजन जुन्या तोळ्यात सांगितलेलं असेल तर तो ११.६६ ग्रॅमचा. शब्द एक, मापं दोन. इथेही तसंच आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, म्हणून त्यांचा १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज दर पायरीला १०२४ ने भागतं. तीनदा भागून बघा : ९७,६५,६२,५०० केबी, मग ९,५३,६७४ एमबी, मग ९३१ जीबी. एक बाइटही हरवलेला नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलीत की बाइटचा पूर्ण आकडा आणि शेजारी जीबी, दोन्ही दिसतात.

१०२४ वाल्या मापांना १९९८ साली किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं मिळाली, पण विंडोज मोजतं गिबीबाइटमध्ये आणि लिहितं जीबी. सगळा घोळ तिथला. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला, त्यामुळे हीच डिस्क तिथे १ टीबीच दिसेल. तोंडी हिशेबाला एवढं पुरे : खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणा.

प्रश्न : घरी भजन-कीर्तनाच्या ६० मिनिटांच्या २०० कॅसेटी आहेत. डब्ल्यूएव्ही (आवाज न आवळता जसाच्या तसा साठवणाऱ्या) फाइल करायच्या आहेत. एका कॅसेटला ६३५ एमबी, म्हणजे १,२७,००० एमबी. १०२४ ने भागून १२४ जीबी आले. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावायला हवेत, पण तो रिकामा असूनही ११९ दाखवतो! (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ६३५ हा आकडा बरोबर आहे. सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं (नमुने), प्रत्येकी २ बाइट, डावा-उजवा असे दोन चॅनल : १,७६,४०० बाइट. गुणिले ३,६०० सेकंद, झाले ६३,५०,४०,००० बाइट. पण हे हजाराचे एमबी आहेत आणि तुम्ही शेवटी भागलंत १०२४ ने. एकाच हिशेबात दोन तराजू. हजाराने मोजा : फाइली १२७ जीबी, पेनड्राइव्ह १२८. किंवा विंडोजच्या मापाने : ११८.३ विरुद्ध ११९.२. कागदावर जेमतेम मावतं, प्रत्यक्षात मावणार नाही. कॅसेटची टेप ६० मिनिटांहून थोडी जास्तच असते. दर कॅसेटला एकच मिनिट वाढलं तरी २.१ जीबी वाढतात, आणि तुमच्याकडे शिल्लक जेमतेम १ जीबी.

सरळ २५६ जीबीचा घ्या. किंवा फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल आवळणारा प्रकार) करा : आवाज तोच राहतो आणि जागा बरीच वाचते, मात्र टेपची खरखर जितकी जास्त तितकी बचत कमी. आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर मोनोत (एकाच चॅनलमध्ये) भरलेल्या कॅसेटी स्टीरिओत उतरवू नका, तोच आवाज दोनदा साठतो. मोनोत एका कॅसेटला ३१८ एमबी पुरतात. पेनड्राइव्ह कोणताही असो, एक प्रत दुसरीकडे हवीच.

प्रश्न : इंटरनेट १०० एमबीचं घेतलंय, डाउनलोड १२ एमबीच्या वर जात नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : कंपनी मेगाबिट सांगते, ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ = १२.५. कनेक्शन ठणठणीत आहे.

प्रश्न : ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये २० जीबी मोकळे, तरी लग्नाचा ५ जीबीचा व्हिडिओ कॉपी होत नाही. 'फाइल फार मोठी' असं येतं. (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाइली मांडून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत) फॉरमॅट केलेला दिसतो. त्यात एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी चालत नाही, मग जागा कितीही असो. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा, मग एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा. हा पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीलाही लावत असाल तर मात्र थांबा : बऱ्याच जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही. तिथे व्हिडिओचे दोन तुकडे करणंच बरं.