लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या तिसऱ्या अल्बमची दुसरी बाजू इतकी वेगळी का वाटते?

कारण त्यातली काही गाणी वीज नसलेल्या घरात, अकूस्टिक गिटारवर आकाराला आली. १९७० मध्ये दौऱ्यांनी थकलेले गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट वेल्समधल्या ब्रॉन-इर-ऑर नावाच्या जुनाट कॉटेजमध्ये जाऊन राहिले. अल्बमच्या कव्हरवरच त्या घराला श्रेय दिलंय. म्हणून 'इमिग्रंट साँग'च्या आरोळीनं सुरू झालेली रेकॉर्ड उलटली की बॅन्जो, मॅन्डोलिन ऐकू येतात, आणि 'ब्रॉन-वाय-ऑर स्टॉम्प'मध्ये तर ड्रमर जॉन बॉनहॅम चक्क चमचे वाजवतो. मात्र अगदी अर्धी-अर्धी वाटणी समजू नका. 'फ्रेंड्स' हे अकूस्टिक गाणं पहिल्याच बाजूला आहे (१९७२ मध्ये त्यांनी ते मुंबईच्या वादकांना घेऊनही रेकॉर्ड केलं होतं), आणि 'टँजरीन' तर पेजच्या यार्डबर्ड्स या आधीच्या बँडच्या दिवसांतलं.