घोटा मोडलाय, नी-वॉकर घ्यावा का?

आईंच्या घोट्याला प्लास्टर आहे आणि पाय टेकवायचा नाही, तर नी-वॉकर, म्हणजे दुखऱ्या पायाचा गुडघा गादीवर टेकवून दुसऱ्या पायाने ढकलत न्यायची चाकांची गाडी, चालू शकेल. दुखापत गुडघ्याखाली असेल तरच तो कामाचा. पण त्यांचा तोल जात असेल किंवा तोच गुडघा आधीपासून दुखत असेल, तर कृपया नको, साधा वॉकरच बरा. डॉक्टरांना आधी विचाराच. गुडघा काटकोनात गादीवर टेकल्यावर कंबर दोन्हीकडे सारखी राहील, इतकीच उंची ठेवा. चार चाकं आणि हाताचा ब्रेक हवा. बसता-उठताना ब्रेक दाबलेला असू द्या. खरी भीती वळताना असते, वेगात वळलं की तो कलंडतो. उंबरठ्याला चाक अडकतं, ओल्या फरशीवर घसरतं. पायपुसणी उचलून ठेवा. जिन्यावर अजिबात नाही. काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, भाड्याने मिळतोय का बघा.